फेटचा विद्युत परिपथ संच: नववीच्या वर्गात सहा वर्षे वापरल्यानंतर

नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हे प्रकरण सुरू झाले की मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर एक विद्युतघट काढते, त्याला एकापुढे एक जोडलेले दोन सारखे दिवे काढते आणि यांपैकी कोणता दिवा जास्त उजळेल, असे वर्गाला विचारते. बहुतेक हात पहिल्या दिव्यासाठी वर येतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: “बाई, आधी पहिला दिवा करंट घेणार, उरलेला दुसऱ्याला.” आमचा भाग सांगली जिल्ह्यातला, उसाचा आणि पाटाच्या पाण्याचा. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला भरपूर पाणी मिळते आणि टेलच्या शेतापर्यंत पोचेपोचेतो ते आटते, हे या मुलांनी रात्रीअपरात्री वडिलांबरोबर दारे धरताना स्वतः पाहिलेले असते. त्यामुळे त्यांचे उत्तर चुकीचे असले तरी ते अनुभवातून आलेले असते, आणि अनुभवातून आलेली समजूत पुस्तकातल्या एका वाक्याने पुसली जात नाही. एकसर जोडणीत सर्व रोधांमधून सारखीच विद्युतधारा वाहते, हे वाक्य मुले पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात, आणि मनातले टेलचे शेत मात्र कोरडेच राहते.

ही समजूत मुळापासून हलवण्यासाठी गेली सहा वर्षे मी जे साधन वापरते आहे, त्याविषयी इतर विज्ञान शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. साधनाचे नाव फेट (PhET), म्हणजे संगणकावर करायच्या आभासी प्रयोगांचा संग्रह. अमेरिकेतील कॉलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्रात हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोन शास्त्रज्ञांसह मिळाले होते. इतक्या मोठ्या संशोधकाने शाळाकॉलेजातील मुलांना दिवा आणि घट कसे समजतात याकडे लक्ष वळवावे, याचे मला फार अप्रूप वाटते. आज या संग्रहात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञान या विषयांचे दीडशेहून अधिक आभासी प्रयोग आहेत. प्रयोग संकेतस्थळावरच उघडतात, शाळेत वापरण्यासाठी कोणतेही शुल्क नाही आणि विद्यार्थ्याला नावनोंदणी करावी लागत नाही. शिक्षकाने विनामूल्य खाते उघडले तर जगभरच्या शिक्षकांनी तयार केलेल्या कृतिपत्रिकाही पाहता येतात. या सर्व प्रयोगांपैकी मी ज्याच्यावर सर्वांत जास्त तास घालवले, तो एकदिश विद्युतधारेचा परिपथ जोडण्याचा संच हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

हे साधन हाती येण्यापूर्वीचा एक अनुभव सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशी तुलना केल्यावाचून या संचाचे मोल नेमके सांगता येणार नाही. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाल्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, शाळांच्या भिंतींवर ‘डिजिटल शाळा’ अशा पाट्या लागल्या आणि आमच्याकडेही ग्रामस्थांनी मोठ्या प्रेमाने पैसे जमवले. त्या पैशांतून प्रोजेक्टर घेतला आणि उरलेल्या रकमेतून एका कंपनीचा तयार व्हिडिओंचा संच घेतला. प्रत्येक प्रकरणाचे रंगीत चलच्चित्र, मागे गोड आवाजातले निवेदन आणि शेवटी पाच बहुपर्यायी प्रश्न, असे त्याचे स्वरूप होते. पहिले आठ दिवस मुले डोळे विस्फारून पाहत होती. पंधराव्या दिवशी मागच्या बाकांवर पेंग सुरू झाली. वर्ष संपल्यावर परवान्याची मुदत संपली, नूतनीकरणासाठी पुन्हा तेवढीच रक्कम मागण्यात आली आणि आमचा संच बंद पडला. पैशांचे दुःख झालेच, परंतु खरे शल्य वेगळे होते. त्या व्हिडिओत दिवा नेहमी बरोबर लागत असे. मुलांना काही चुकीचे करून पाहण्याची जागाच त्यात नव्हती, आणि प्रश्न विचारण्यापूर्वीच निवेदिका उत्तर देऊन मोकळी होत असे.

फेटचा संच उघडला की समोर निळसर, मोकळा पडदा येतो. डावीकडे एका पेटीत तार, घट, दिवा, रोध आणि कळ ठेवलेली असते. त्यांतली वस्तू ओढून मधल्या जागेत आणायची आणि टोकाला टोक लावून परिपथ पुरा करायचा. निवेदन नाही, सूचना नाहीत, योग्य उत्तराचा बाण नाही. परिपथ पुरा झाला की तारांमधले निळे गोळे, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात आणि दिव्याभोवती पिवळ्या किरणांचे वलय उमटते. घटाचे विभवांतर सुरुवातीला ९ व्होल्ट आणि दिव्याचा रोध १० ओहम असतो. दोन्ही आकडे सरकपट्टीने बदलता येतात. उजवीकडे व्होल्टमीटर आणि ॲमीटर मिळतात. ॲमीटर परिपथात एकसर जोडायचा आणि व्होल्टमीटरची दोन टोके दिव्याच्या दोन बाजूंना लावायची, हे पुस्तकातले सूत्र मुलांच्या बोटांत उतरते, कारण ॲमीटर परिपथाबाहेर ठेवला तर तो काही दाखवतच नाही. एका बटणावर सगळे चित्र खऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंऐवजी पुस्तकातल्या चिन्हांत बदलते. ही सोय मला अतिशय मोलाची वाटते. मुलाने स्वतः जोडलेला परिपथ त्याच्या डोळ्यांदेखत चिन्हांची आकृती होतो, तेव्हा ‘घटाची लांब रेघ धन की आखूड रेघ धन’ हा दरवर्षीचा गोंधळ बराच कमी होतो.

आता तो पहिला प्रश्न. मी मुलांना आधी वहीत अंदाज लिहायला लावते, शाईने, म्हणजे नंतर खोडता येऊ नये. अंदाज लिहिल्याशिवाय प्रोजेक्टर सुरू करायचा नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही. मग वर्गातून एकाला किंवा एकीला बोलावते आणि माउस तिच्या हाती देते. गेल्या वर्षी एक मुलगी आली, जिने अगदी ठामपणे पहिला दिवा जास्त उजळेल असे लिहिले होते. तिने घट आणला, दोन दिवे आणले, तारा जोडल्या. शेवटची तार टोकाला चिकटताच दोन्ही दिवे एकाच क्षणी, एकसारखे उजळले. वर्गात क्षणभर शांतता पसरली. ती पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बाई, घट उलटा लावून बघू?” तिची शंका रास्त होती. विजेची दिशा उलटली तर मघाचा दुसरा दिवा आता पहिला होईल, असा तिचा विचार होता. तिने घट फिरवला. गोळे उलट्या दिशेने सरकू लागले, दिवे तसेच राहिले. मग तिने आपणहून ॲमीटर उचलला आणि पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर, असा तीन ठिकाणी लावून पाहिला. तिन्ही ठिकाणी ०.४५ ॲम्पिअर. मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते.

त्यानंतरचा प्रश्न मात्र मी विचारला: मग दिव्याने काहीच घेतले नाही तर तो उजळला कशाने? याचे उत्तर त्या संचात नाही आणि ते असू नये असेच मला वाटते. इथे शिक्षकाचे काम सुरू होते. आमच्या वर्गात शेवटी चर्चा उसाच्या चरकाकडे गेली. चरकाला जोडलेला पट्टा जितका पुढे जातो तितकाच मागून परत येतो, पट्टा कुठेही संपत नाही, तरीही ऊस पिळला जातो, असे एका मुलाने सांगितले. पाटाच्या पाण्याची उपमा सोडून पट्ट्याची उपमा मुलांनी स्वतः शोधली, ती त्या सरकणाऱ्या गोळ्यांमुळे. कळ दाबताच परिपथातले सगळे गोळे एकदमच हलू लागतात, घटाजवळचे आधी आणि दूरचे नंतर असे होत नाही, हे त्यांनी वारंवार पाहिले होते. विद्युतप्रभार तारेत आधीपासूनच भरलेला असतो आणि घट त्याला फक्त ढकलतो, ही गोष्ट फळ्यावरच्या स्थिर आकृतीतून मला इतक्या वर्षांत पटवून देता आली नव्हती.

समांतर जोडणीच्या वेळी आकडे आणखी बोलके होतात. एक दिवा असताना ०.९० ॲम्पिअर, दुसरा दिवा समांतर जोडला की प्रत्येकातून ०.९० आणि घटातून १.८० ॲम्पिअर. घट तोच असताना विद्युतधारा दुप्पट कशी झाली, या प्रश्नावर वर्गात चांगली अर्धी तासिका जाते, आणि ती जाऊ द्यावी. नववीतील मुलांची एक पक्की समजूत अशी असते की घट ठरावीक विद्युतधारा देतो आणि परिपथाने ती वाटून घ्यायची. ही समजूत सुटल्याशिवाय दहावीत अतिभार आणि वितळतार (फ्यूज) ही प्रकरणे केवळ पाठांतराची होतात. संचाच्या दुसऱ्या भागात वितळतारही मिळते. तिची मर्यादा ठरवायची, एकामागून एक दिवे समांतर जोडत जायचे आणि ती कितव्या दिव्याला तुटते ते आधी गणिताने सांगायचे, हा आमच्याकडे मुलांचा सर्वांत आवडता भाग झाला आहे. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर घटाला आग लागलेली दिसते. मुले ते मुद्दाम करतात, हसतात आणि पुन्हा करतात. मी अडवत नाही, परंतु त्याच दिवशी घरातला २३० व्होल्टचा पुरवठा आणि पडद्यावरची आग यांतला फरक अत्यंत स्पष्ट शब्दांत सांगते. मोटारीच्या पेटीजवळ रोज वावरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या वर्गात हे सांगायला एकही दिवस उशीर होता कामा नये.

हे सर्व वाचून असे वाटेल की साधन उघडले आणि धडा आपोआप झाला. माझ्या पहिल्या वर्षी तसे अजिबात झाले नाही. तेव्हा माउस माझ्या हातात होता. मी प्रोजेक्टरवर एकामागून एक परिपथ जोडून दाखवले, प्रत्येक वेळी काय होते आहे ते सांगितले, मुलांनी माना डोलावल्या आणि मी समाधानाने तास संपवला. घटक चाचणीत दोन दिव्यांचा प्रश्न थोडा फिरवून दिला, तर वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी पुन्हा पहिलाच दिवा जास्त उजळवला. तेव्हा लक्षात आले की मी त्या उत्तम साधनाचा, बंद पडलेल्या त्या व्हिडिओसारखाच वापर केला होता, फक्त निवेदिकेच्या जागी मी होते. दुसऱ्या वर्षापासून क्रम बदलला. आधी दहा मिनिटे मुलांना काहीही न सांगता संच हाताळू द्यायचा, कारण नवी वस्तू हाती आल्यावर पोरे तिच्याशी खेळणारच आणि ती हौस फिटल्याशिवाय त्यांचे कान उघडत नाहीत. मग फळ्यावर एकच प्रश्न. मग वहीत अंदाज आणि त्याखाली कारण. मग शेजाऱ्याशी वाद. मग प्रयोग. आणि शेवटी वहीत ‘माझा अंदाज का चुकला’ किंवा ‘का बरोबर आला’ याविषयी दोन ओळी. या शेवटच्या दोन ओळी लिहून घेतल्या नाहीत तर तासाचा निम्मा लाभ वाया जातो, हे मी खात्रीने सांगते. प्रशिक्षणांत तंत्रस्नेही शिक्षक हा शब्द आपण फार वापरतो, परंतु माझ्या वर्गात जो बदल झाला तो ओळीने कोणते प्रश्न विचारायचे हे नीट ठरवल्यामुळे झाला.

आभासी प्रयोग आले म्हणून प्रयोगशाळेतील कपाट बंद करावे का, असा प्रश्न आमच्या संस्थेच्या एका बैठकीत विचारला गेला होता. याविषयी कॉलोराडो विद्यापीठातच झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो. तेथील भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गातील काही विद्यार्थ्यांनी खऱ्या दिव्यातारांनी प्रयोग केले आणि काहींनी या संचाच्या जुन्या आवृत्तीवर. नंतर संकल्पनांच्या प्रश्नांत आणि खरा परिपथ जोडून त्याचे वर्णन करण्यातही आभासी गट सरस ठरला. निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे आणि माझ्या अनुभवाशी बराचसा जुळतो, कारण खऱ्या तारांशी झटापट करताना मुलाचे लक्ष संकल्पनेवरून उडून सुटलेल्या जोडावर जाते. तथापि ते विद्यार्थी विद्यापीठातील होते आणि माझी मुले चौदा वर्षांची आहेत. त्यांच्या हातून तार सोलली गेली पाहिजे, घट गरम झालेला त्यांच्या बोटांना लागला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पडद्यावरच्या तासानंतरचा तास माझ्याकडे खऱ्या वस्तूंचा असतो. टॉर्चचे छोटे बल्ब, दीड व्होल्टचे घट, आणि तारा घटाला घट्ट धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबरी पट्टे. पाच मुलांचा एक गट. इथे पडद्यावर कधीच न येणाऱ्या अडचणी येतात. तारेवरचे आवरण नीट निघालेले नसते, बल्बच्या बुडाशी गंज असतो, एक घट नवा आणि दुसरा रिमोटमधून काढून आणलेला असतो. आणि मुख्य म्हणजे दोन सारखे म्हणून घेतलेले बल्ब कधीकधी खरोखरच कमीजास्त उजळतात. आदल्या दिवशी पडद्यावर सारखे उजळलेले दिवे पाहिलेली मुले आता गोंधळतात, आणि नेमका तोच गोंधळ मला हवा असतो. गेल्या वर्षी एका गटाने दोन बल्बांच्या जागा अदलाबदल करून पाहिल्या. मंद बल्ब पहिल्या जागी आणला तरी तो मंदच राहिला. म्हणजे दोष जागेचा नाही, बल्बचा आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला तो आदल्या दिवशी तीन ठिकाणी लावलेल्या ॲमीटरच्या जोरावर.

त्याच आठवड्यात एका मुलाने घरातून गणपतीच्या सजावटीची जुनी माळ आणली. एक बारका दिवा गेला की माळेचा अख्खा तुकडा विझतो, हा घरोघरचा अनुभव. आम्ही ती पुरवठ्याला न जोडता टेबलावर पसरली आणि तारांचा माग बोटाने काढत गेलो. दिव्यांचा एक गट एकसर, तसे अनेक गट एकमेकांना समांतर, अशी ती जोडणी होती. म्हणूनच एक दिवा गेल्यावर पूर्ण माळ न विझता तिचा एक तुकडाच विझत होता. मुलांनी लगेच तीच जोडणी संचात उभी केली, एका दिव्याशी येणारा जोड पडद्यावरच्या कात्रीने कापला आणि तेवढा गट काळा झालेला पाहिला. पडद्यावरून माळेकडे आणि माळेवरून पडद्याकडे अशी ये-जा होत असेल, तरच या साधनाचा वर्गात खरा उपयोग झाला, असे मी मानते.

आता मर्यादा. सर्वच प्रयोग मराठीत नाहीत. भाषांतराचे काम जगभर स्वयंसेवक करतात, मराठीतही बरेच प्रयोग आले आहेत, परंतु पडद्यावरचा शब्द आणि बालभारतीच्या पुस्तकातला शब्द एकच असेल असे गृहीत धरून चालत नाही. मी तास सुरू करण्यापूर्वी फळ्याच्या एका कोपऱ्यात रोध, विभवांतर, विद्युतधारा, कळ एवढे शब्द लिहून ठेवते आणि बोलताना तेच वापरते. वस्तूंच्या पेटीत विद्युतवाहक आणि विद्युतरोधक तपासण्यासाठी पेन्सिल, खोडरबर, नाणे, कागदाची टाचणी यांबरोबर अमेरिकेची नोट आणि एक कुत्राही आहे. कुत्र्यावर मुले खूश असतात, नोट पाहून विचारात पडतात. गंज, सैल जोड, जुना घट हे या संचात आपोआप येत नाहीत. घटाचा अंतर्गत रोध आणि तारेचा रोध सरकपट्टीने वाढवता येतो खरा, परंतु ते सांगणारा शिक्षक लागतो. शिवाय हा संच कोणत्याही अभ्यासक्रमाला बांधलेला नाही. नववीच्या कोणत्या पाठाला कोणता प्रयोग, त्यात कोणता प्रश्न, किती वेळ, हे सर्व आपल्यालाच ठरवावे लागते. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर जे मिळते ते थेट त्या पाठाचे असते, आणि घरी उजळणी करण्यासाठी मी मुलांना तेच सुचवते. दोन्हींचे काम वेगळे आहे.

इतर प्रयोगांबद्दल थोडक्यात. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात सूत्रातील अक्षरेच लहानमोठी होतात. रोध वाढवला की रोधाचे अक्षर फुगते आणि विद्युतधारेचे आक्रसते. हे पाच मिनिटे दाखवावे आणि लगेच आलेखाकडे वळावे. दहावीला रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचा प्रयोग फारच चांगला आहे. अमोनिया तयार होणे, पाण्याचे विघटन आणि मिथेनचे ज्वलन यांतले रेणू चित्रांत मोजता येतात, त्यामुळे रेणूसूत्रातला खालचा अंक बदलून समीकरण ‘जमवणारी’ मुले थबकतात, कारण पडद्यावर ती सोयच नाही, बदलता येतो तो फक्त पुढचा सहगुणक. लंबकाचा प्रयोग चंद्रावर आणि गुरू ग्रहावर नेता येतो, त्यातल्या अनोळखी ग्रहाचे गुरुत्वत्वरण काढणे ही गुरुत्वाकर्षणाच्या पाठानंतरची उत्तम गृहपाठाची कृती आहे. भिंगांचा प्रयोग नाभीच्या आतबाहेर वस्तू सरकवून प्रतिमा उलटी-सुलटी होताना दाखवतो, मात्र त्याआधी प्रत्येक मुलाने बहिर्गोल भिंगाने खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडलेली असावी, असा माझा आग्रह आहे.

साधनसामग्रीबाबत जे शिक्षक अडून बसतात त्यांना सांगते की आमच्याकडे एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि संगणक कक्षातले दहा-बारा चालू संगणक एवढेच आहे. आंतरजाल दिवसातून कितीदा तरी जाते. त्यावर उपाय सोपा आहे. बहुतेक प्रयोग एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि पेनड्राइव्हवरून कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये आंतरजालाशिवाय चालतात. पूर्वी यातले बरेच प्रयोग फ्लॅश आणि जावावर चालत असत. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले. जुन्या सीडीवर कोणाकडे ते प्रयोग असतील तर ते आता उघडायची खटपट करू नये, नव्या आवृत्त्या उतरवून घ्याव्यात. मोबाइलवरही संच चालतो, परंतु लहान पडद्यावर तारांची टोके जुळवताना मुलांची चिडचिड होते. त्यापेक्षा एका संगणकावर तिघांनी बसलेले बरे. तिघांत एकाने माउस धरायचा, एकाने आकडे लिहायचे, एकाने पुढचा परिपथ सांगायचा, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. जागा बदलण्याचा नियम कडक ठेवावा लागतो, नाहीतर माउस नेहमी त्याच दोन-तीन मुलांच्या हाती राहतो आणि मुली लेखनिक होऊन बसतात. हे मी आमच्या कक्षात स्वतः पाहिले आहे आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक गटात पहिला माउस मुलीच्या हाती असतो.

पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत हे बसत नाही. प्रोजेक्टर लावणे, खिडक्यांना पुठ्ठे लावून उजेड अडवणे यातच आठ-दहा मिनिटे जातात. मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातून एक जोडतासिका मागून घ्यावी. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून ती कोणत्या वारी ठेवायची ते ठरवावे. ज्या दिवशी वीजच नसेल त्या दिवशी टॉर्चचे बल्ब आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे काढावेत आणि क्रम उलटा करावा: आधी खरा परिपथ, नंतर आभासी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे असे सलग दोन आठवडे झाले. त्या तुकडीतली मुले संचाकडे आली तेव्हा त्यांच्या हातात स्वतःच्या परिपथांची मोजमापे लिहिलेल्या वह्या होत्या. पडद्यावर दोन्ही दिवे सारखे उजळताच एकाने वही उघडून दाखवली आणि विचारले, “बाई, आमचा दुसरा बल्ब मंद होता. मग संगणक चुकतोय का आमचा बल्ब?” त्या प्रश्नावर आम्ही ती पूर्ण जोडतासिका घालवली. या वर्षी मी नववीच्या एका तुकडीला मुद्दाम याच उलट्या क्रमाने शिकवणार आहे आणि दोन्ही तुकड्यांच्या ‘माझा अंदाज का चुकला’ या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहे.